पारधी हे आडनाव आहे

गोंदिया यायच्या आधीच डब्यातली भाषा बदलते. नागपूरपर्यंत 'सरकून घ्या' म्हणणारी माणसं भंडारा रोड सुटलं की 'थोडा सरकिए ना' म्हणू लागतात. महाराष्ट्राच्या एका टोकाला निघून दुसऱ्या टोकाला संपणाऱ्या या गाडीत मी पुण्याला बसले होते, आणि आता पाठीचा पार भुगा झाला होता. खिडकीबाहेर कापणी झालेली धानाची शेतं होती, त्यांत पुंजणे (कापलेल्या धानाच्या पेंढ्यांच्या गोल राशी) उभे होते आणि थोड्या थोड्या अंतरावर तळी चमकत होती. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या सकाळी मात्र डोक्यात एकच घोकणं चाललं होतं: परवा ग्रामसभा, परवा ग्रामसभा.

मी या वयात एकटी गोंदियाला का निघाले, ते आधी सांगते. नागपूरच्या वसतिगृहात हिरकन पारधी माझ्या खोलीत होती. पुढे दोघीही पुण्यात आलो आणि ती मैत्री आजपर्यंत टिकली. तिचा धाकटा भाऊ टेकलाल गोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी शेती करतो आणि गावाच्या वनसमितीचा अध्यक्ष आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तिकडच्या एका दैनिकात मोठ्ठ्या मथळ्याची बातमी आली होती: 'सांबराच्या शिकारीत पारध्याला पकडले'. हा पारधी म्हणजे आमचा टेकलाल. कोशात पारधी म्हणजे शिकारी. त्या नावाची एक जमातही आहे, आणि न केलेल्या गुन्ह्यांसाठी तिला कायम पकडतच आलेले आहेत. पण गोंदिया जिल्ह्यात पारधी हे पोवारांचं आडनाव आहे. माळव्यातून येऊन इथे धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं. जसं बिसेन, कटरे, पटले, तसंच पारधी. टेकलालनं शिकार केली नव्हती. लगेच पुढच्या अंकात पेपरनं तसा खुलासाही छापला होता.

मग अडलं कुठे? तर तो पेपर बंद पडला. काही वर्षं त्याची वेबसाइट तेवढी जिवंत होती आणि तिथे बातमीच्या खाली 'पारधी हे आडनाव आहे' एवढा एका ओळीचा खुलासाही दिसायचा. मग एक दिवस तीही गेली. त्या पत्त्यावर आता केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात उघडते. मथळ्याचा फोटो मात्र कुणाच्या तरी मोबाइलमध्ये होता. यंदा टेकलालनं बांबूच्या एका कंत्राटाला 'नाही' म्हटलं आणि आठवड्याच्या आत तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आला. शिकारी माणूस वनसमितीचा अध्यक्ष कसा, असा प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवला गेला. टेकलालवर एकही गुन्हा नाही, असा वनविभागाचा दाखला हिरकननं त्याला आणायला लावला. लोक म्हणाले, दाखले काय मिळतात! पेपरात आलं होतं ना? मग पेपरातच दाखवा.

"मीच गेले असते गं," प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून हिरकन म्हणाली, "पण ही धोंड पडलीय गळ्यात. तू जा. जन्मभर प्रुफं तपासलीस, तुला छापील कागदाचा वास येतो."

स्टेशनाबाहेर टेकलाल मोटरसायकल घेऊन उभा होता. उंच, काटक, कानाला मफलर. बहिणीची मैत्रीण म्हणून वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाला, "तुमी कायले आल्या ताई येवढ्या दुरून? हिरकनबाईले काही समजत नाही."

स्वागत झालं! मी साडी सावरून मागे बसले. फुलचूरला त्याच्या मेव्हण्याकडे सामान टाकलं, उभ्याउभ्या पोहे खाल्ले आणि आम्ही परत शहरात शिरलो.

पेपरची कचेरी जिथे होती, तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "वो पेपर तो कब का बंद हो गया, मैडम. सामान रद्दी में गया."

"और फाइलें?"

"फाइलें भी रद्दी ही तो हैं."

तिथून एका वाचनालयात गेलो. ग्रंथपाल भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "जुने अंक ठेवत होतो ताई," तो म्हणाला, "पण जागा नाही. मग वाटलं, सगळं ऑनलाइन आहेच, कशाला ढीग सांभाळायचे? देऊन टाकले."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इंटरनेटवर आहे म्हणून कागद देऊन टाकला, आणि कागद कुठेतरी असेलच म्हणून इंटरनेटवरचं पुसलं. दोघं एकमेकांच्या भरवशावर राहिले आणि दोन्हीकडचं गेलं. मला इतका संताप आला की हातातला पेला मी जरा आपटूनच ठेवला. टेकलाल मात्र दारात उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. तंगडतोड माझी, आणि ज्याचं नाव पणाला लागलंय तो असा उभा, जणू शेजाऱ्याची म्हैस हरवली आहे.

दुपारी गोरेगावला पोचलो. आठवडी बाजार भरला होता. एसटी बसच्या तोंडासमोरच वांग्यांचे आणि सुकटीचे ढीग मांडले होते आणि चालक शांतपणे हॉर्न देत बसला होता. बाजारामागच्या गल्लीत विनायकरावांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्या पेपरचे हे जुने वार्ताहर. ती बातमी त्यांनीच पाठवली होती.

"मी काय लिहिलं होतं, ऐका," त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "'टेकलाल पारधी यांना घेऊन वनविभागाचे पथक जंगलात गेले.' बस. तिकडे मोठ्या कचेरीतल्या टेबलावर कोणी बाहेरगावचा नवा उपसंपादक होता. त्यानं वाचलं, पारध्याला घेऊन गेले. म्हणजे पकडूनच नेलं असेल न! ठोकला मथळा. आपल्या इकडे असं आडनाव असते, हे त्याच्या गावीच नाही."

"आणि खुलासा?"

"तो बी मीच भांडून छापवला. पण ह्याले विचारा," त्यांनी टेकलालकडे बोट केलं, "ह्याले तो नकोच होता."

मी वळून पाहिलं तर टेकलाल जागेवर नव्हता. दुकानाबाहेर मोटरसायकलची साखळी तपासत बसला होता. विनायकरावांच्या कात्रणांचं गाठोडं उधईनं (वाळवीनं) खाल्लं होतं, आणि असतं तरी त्यात खुलासा निघाला नसता. "ज्या बातमीवर माझं नाव छापून आलं तीच मी ठेवली, ताई. परत्येक माणूस आपलंच ठेवते. तुमी असं करा, त्या पानावर अजून कोणाचं काय छापून आलं होतं ते शोधा. तो माणूस पेपर फेकणार नाही."

ही युक्ती मला सकाळी का सुचली नाही, याचा राग घेऊन मी गावाच्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची धसकटं, मध्येच एखाद्या बांधावर तुरीची रांग, आणि पुढे जंगलाची काळी कड. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढचं वाचून कुणी त्या अख्ख्या गावाला नावं ठेवू नयेत, एवढ्यासाठीच.

घरी दुर्गावहिनींनी ऊन पाणी दिलं आणि भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी वाढली. मी घासागणिक प्रश्न विचारत होते. खुलासा कुठल्या पानावर होता? शेजारी काय होतं?

"मले आठवते न," वहिनी म्हणाल्या. "नाटकाची जाहिरात होती वरतं. आपल्या मंडईतल्याच नाटकाची." मंडई म्हणजे पुण्यातल्यासारखी भाजीची नव्हे. दिवाळीनंतर इथे गावोगाव जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात आणि रात्री मोठं नाटक असतं, तिला मंडई म्हणतात. "त्यात खलनायकाचा फोटो होता, मोठमोठ्या मिशा. सडक अर्जुनीचे काशीनाथभाऊ. म्या तो पेपर ठेवला बी असता. पन ह्याईनंच तो चुलीत टाकला."

माझा हात ताटातच थांबला. "चुलीत? काऊन जाळला, टेकलाल?" मीही त्यांच्यासारखीच बोलून गेले.

"जारला त जारला," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

सकाळी उठल्या उठल्या मी टेकलालला मोटरसायकल काढायला लावली. उद्या सभा, आणि हातात एका खलनायकाच्या मिशा. सडक अर्जुनी महामार्गावरचं गाव. रायपूरकडे जाणारे ट्रक एकामागोमाग एक धडधडत होते आणि प्रत्येक ट्रकगणिक ढाब्यांवरची ताडपत्री उडत होती. काशीनाथभाऊंची चहाची टपरी पहिल्याच माणसानं दाखवली. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. मी जुन्या जाहिरातीचं नाव काढताच ते आत गेले आणि काच लावलेली तसबीर छातीशी धरून बाहेर आले.

होती, तीच जाहिरात होती! तलवार उपसलेले, काळ्या मिशांचे काशीनाथभाऊ आणि खाली गावोगावच्या मंडईच्या तारखा. पण तसबिरीला चारी बाजूंनी पुठ्ठ्याची रुंद पट्टी होती आणि जाहिरात संपते तिथेच पान पट्टीखाली गेलं होतं. खाली काही उरलं होतं, की फोटो बसवणाऱ्यानं कात्रीनं उडवलं होतं?

"उघडावी लागेल," मी म्हणाले.

"हात नाही लावायचा!" काशीनाथभाऊ कडाडले. चहा पिणारे दोन ट्रकवाले उठून उभे राहिले. "कागद पापड झाला आहे, बाई. तुटला म्हंजे? माह्या जिंदगीत पेपरात येवढा एकच फोटो आला."

मी त्यांना सगळं सांगितलं. मथळा, मोबाइलवरचा फोटो, उद्याची सभा. ते ऐकत होते आणि अधूनमधून टेकलालकडे बघत होते. मग टपरीचं अर्धं फळकुट लावून घेतलं, तसबीर बाकावर पालथी ठेवली आणि बारीक पक्कडीनं एकेक खिळा काढायला लागले. ट्रक गेला की बाक हादरायचा, ते थांबायचे. मागची फळी निघाली. पुठ्ठा निघाला. पान अख्खं होतं, नुसतं खालून दुमडलेलं. त्यांनी घडी उलगडली तेव्हा कागदाचा कुरकुर आवाज आला.

डाव्या कोपऱ्यात, चौकटीत, बोटभर मजकूर होता. 'खुलासा. शिकारीच्या बातमीत "पारधी" हा शब्द शिकारी या अर्थाने छापला गेला. पारधी हे श्री. टेकलाल यांचे आडनाव आहे. त्यांना अटक झालेली नसून, जंगलात विजेची तार लावल्याची माहिती वनविभागाला त्यांनीच दिली होती. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

मी आनंदानं ओरडलेच. "टेकलाल, मिळालं! हे बघ!"

त्यानं पाहिलं नाही. तोंड उतरलं होतं. "ठेवा ताई तो कागद तिथंच. घरी चाला."

"अरे, वेडबीड लागलंय का तुला?"

"तुमी आखरीची ओळ वाचली न?" तो म्हणाला. "माहिती त्यायनंच देल्ली होती. म्हंजे मी खबऱ्या. गावात चोर माफ होते ताई, खबऱ्या नाही होत. तो पेपर आला तवा म्या गावात यायच्या पयले गोरेगावात जेवढे सापडले तेवढे घेतले अन जारले. लोकं शिकारी म्हनून राहिले होते, म्हनू देलं. शिकाऱ्याच्या घरी लोकं जेवतात."

मी बाकावर खाली बसले. म्हणजे इतकी वर्षं या माणसानं न केलेल्या गुन्ह्याचं नाव आपणहून अंगावर वागवलं होतं, कारण केलेली चांगली गोष्ट त्याहून महाग पडली असती! मला त्याचा राग आला, त्याच्या गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो माझा स्वतःचा. आदल्या दिवसभर मी ज्याच्या नाकर्तेपणावर चरफडत होते, तो जीव मुठीत धरून माझ्यामागे फिरत होता. आता काय म्हणणार? कागद दाखवला तर खबऱ्या, नाही दाखवला तर शिकारी आणि अध्यक्षपदही गेलं, बांबूही गेला.

"तू ठरव," मी शेवटी म्हणाले. "तुझं नाव आहे. मी हिरकनला सांगेन, मिळालं नाही म्हणून."

त्यानं तो बोटभर मजकूर वाकून वाचला. मग काशीनाथभाऊंना म्हणाला, "भाऊ, उद्याच्या दिवस हा पेपर देता काय?"

"पेपर देत नाही," काशीनाथभाऊ म्हणाले. "मीच घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं खरोखरच आले, अख्खं पान काचेत बसवलेली तसबीर धोतरात गुंडाळून मांडीवर घेऊन. ग्रामपंचायतीसमोरच्या चौकात ताडपत्री टाकली होती. पुरुष समोर, बाया एका बाजूला. विषय वाचला गेला आणि प्रल्हाद नावाचे एक सदस्य उठले. गटावर फोटो टाकणारे ते हेच.

"आमाले कोनाशी दुस्मनी नाही," ते म्हणाले. "फक्त पेपर दाखवा. नाही त खुर्ची सोडा."

टेकलाल उभा राहिला. मला वाटलं होतं, वाचायला कागद माझ्याकडे देईल. दिला नाही. तसबीर दोन्ही हातांत धरून त्यानं स्वतः वाचलं. 'आडनाव आहे' इथे काही जण हसले, मोकळं हसले. मग तो थांबला. मला माहीत होतं तो कुठे थांबलाय. मी पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं. त्यानं पुढची ओळही वाचली.

"कागद खरा कशावरून?" कुणीतरी विचारलं.

"वरतं पाहा न, हा मीच आहो!" काशीनाथभाऊ गरजले. "तुमच्याच मंडईत केला हा नाटक. तलवार तुटली होती तवा."

"हो, हो, तुटली होती," दोनचार म्हातारे म्हणाले. कागदाबद्दल मग कोणी शंका काढली नाही. पण प्रल्हाद बसले नाहीत.

"म्हंजे तू खबऱ्या होता," ते म्हणाले.

"हो," टेकलाल म्हणाला. "तार पाह्यली, सांगतलं. कोनाची होती ते मले आजबी मालूम नाही. एक सांबर मरून पडला होता. दुसऱ्या दिवशी मानूस पडला असता."

बायांतून टोल्यावरची (मूळ गावापासून सुटी असलेली वस्ती) सगुणाबाई उठली. गोंड घरातली, सरपणाची मोळी वाहून मान एका बाजूला कललेली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सरळ टेकलालला विचारलं, "कोन्त्या जागी होती तार?"

"तऱ्याच्या (तळ्याच्या) मांगं. सरपनाच्या वाटेवर."

"आमी त रोजच जाऊन राहिलो होतो तिथून. अंधार राहे तवाच निघत होतो." ती बाकीच्या बायांकडे वळली. "तू होती, वच्छला. तू बी होती, जनाबाई." मग पुरुषांकडे वळून म्हणाली, "आन हा दहाबारा वर्सं गप राहिला. तुमच्या भेवानं गप राहिला. कोन म्हनते याले खबऱ्या? उठून म्हना माह्यासमोर."

कोणी उठलं नाही. ज्या बायांची नावं तिनं घेतली होती त्या उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, मग आणखी काही. प्रल्हाद खाली बसले. सरपंचांनी विषय संपल्याचं सांगितलं. टेकलाल तसबीर धरून तसाच उभा होता. त्याच्या हातांतून ती काशीनाथभाऊंनी हळूच काढून घेतली तेव्हा तो ढसाढसा रडायला लागला, आणि मीही रडले, लाजायचं काय त्यात.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. निघायच्या आधी पाहते तर गोरेगावहून पेंटर आलेला. टेकलालनं घराच्या दर्शनी भिंतीवर, रस्त्याच्या बाजूनं, तो खुलासा अक्षरन् अक्षर लिहायला लावला होता, शेवटच्या ओळीसकट. अक्षरं वीतभर उंच. 'पारधी हे' एवढं होईस्तोवर कडेला माणसं जमली होती.

"भिंतीवरचं किती दिवस टिकणार?" मी दुर्गावहिनींना विचारलं. "दिवाळीला चुना लावाल, सगळं पुसलं जाईल."

"मंग परत लिहू न," त्या म्हणाल्या.

गाडीत हेच डोक्यात फिरत राहिलं. छापलेलं आहे, साठवलेलं आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण कागद विकला जातो, वेबसाइट बंद होते, आणि खोटं तेवढं या मोबाइलवरून त्या मोबाइलवर चालत राहतं. खरं टिकवायचं तर कुणीतरी पुन्हा पुन्हा लिहायला हवं, आणि ते लिहिणं दरवेळी सुखाचं असतंच असं नाही. टेकलालनं ते स्वतःच्या भिंतीवर घेतलं.

पुण्यात पोचल्यावर बॅग न ठेवताच हिरकनकडे गेले आणि मागाहून मोबाइलवर आलेला पुऱ्या भिंतीचा फोटो तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. शेवटची ओळ तिला नवी होती. ती वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"एवढ्या मोठ्या अक्षरात आमचं आडनाव दुसऱ्यांदा आलं," ती म्हणाली, आणि प्लास्टरमधला पाय विसरून उठायला गेली.